गोल तोरण: घरातल्या टाकाऊतून दिवाळीचं दार (प्रकल्प नोंदी, सहकारनगर, पुणे)

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

या दिवाळीला आमच्या इमारतीतल्या बाराही दारांवर घरच्या टाकाऊ वस्तूंची गोल तोरणं लावायची, असं आज गच्चीतल्या बैठकीत ठरलं. काम माझ्याकडे आलं, कारण विषय मीच काढला होता.

‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून आपल्याकडे जे होतं, त्याबद्दल माझ्या मनात बरेच दिवस एक खटका आहे. प्लॅस्टिकची बाटली कापायची, तिला गरम गोंदानं पुठ्ठा चिकटवायचा, वर चमकी भुरभुरायची. दिवाळीभर ते दारावर छान दिसतं. पण तुळशीचं लग्न झालं की ते बादलीत जातं, आणि कुठल्या बादलीत जावं हे कुणालाच सांगता येत नाही. बाटली एकटी असती तर विकली गेली असती, पुठ्ठाही एकटा असता तर विकला गेला असता. दोन्ही गोंदानं जखडले, चमकीनं माखले, की दोघांचीही किंमत संपली. आपण कचरा कमी केलेला नसतो, फक्त महिनाभर दारावर टांगलेला असतो.

म्हणून आमचा नियम एकच: तोरण जसं बांधलं तसं सोडवता आलं पाहिजे. गाठ मारायची, टाका घालायचा, गुंडाळायचं. चिकटवायचं शक्यतो नाहीच.

२३ सप्टेंबर, सोमवार

सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंशी मुद्दाम थांबून बोलले. त्या ‘स्वच्छ’च्या सभासद आहेत. १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. घरटी मिळणारं महिन्याचं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून निघणाऱ्या भंगाराचा पैसा, अशा दोन गोष्टींवर त्यांचं घर चालतं. हे आपल्याला ऐकून माहीत असतं, पण वस्तू गोळा करायला बसलो की डोक्यातून निघून जातं.

मी त्यांना माझी यादी वाचून दाखवली. दुधाच्या पिशव्यांची फुलं, पुठ्ठ्याचं कडं, वर्तमानपत्राच्या नळ्या.

त्या म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही समदा माझाच माल घेतला की. दुधाच्या पिशवीला भाव हाय. पुठ्ठा, रद्दी, पाण्याच्या बाटल्या, सगळ्याला हाय. फुलं करायची तर ह्याची करा.” आणि हातातल्या गोणीतून वेफर्सचं पाकीट काढून आतली चंदेरी बाजू मला दाखवली. “ह्याला कोण इचारत नाही.”

त्यांच्याबरोबर उभं राहून यादी उलटीच करून टाकली. ज्याला भाव नाही तेच आपण घ्यायचं: आतून चंदेरी असलेली पाकिटं (प्लॅस्टिक आणि धातूचा थर एकमेकांवर चढवलेले असतात, ते सुटे करणं अवघड म्हणून कुणी घेत नाही), शिंप्याकडच्या चिंध्या, विरलेले सुती कपडे, लॉन्ड्रीचे वाकलेले तारेचे हँगर, फाटलेल्या चाळण्या, नारळाच्या शेंड्या, पिस्त्याची टरफलं. हँगर आणि चाळण्या म्हणजे लोखंड, त्यांना थोडाफार भाव येतो. पण ते कडं म्हणून वर्षानुवर्षं वापरायचे आहेत, आणि गंजून गेले की जायचे त्यांच्याच गोणीत. ताईंनी त्याला होकार दिला.

दुपारी इमारतीच्या ग्रुपवर नवी यादी टाकली. वर ठळक लिहिलं: दुधाच्या पिशव्या आणि पुठ्ठा आणू नये, तो ताईंचा आहे.

२९ सप्टेंबर, रविवार

आठवडाभर पाऊस. बुधवारी तर शहरभर पाणी झालं, त्यामुळे सामान गोळा करायला आजचा दिवस उजाडला.

जिन्याखाली मोठी टोपली ठेवली होती, ती भरून वाहिली. सगळ्यात मोलाची वस्तू निघाली ती पिठाची जुनी चाळणी. जाळी मधोमध फाटलेली, पण पत्र्याचं कडं अगदी धड. व्यास २५ सेंटिमीटर, रुंदी बोटभर, आणि जाळी अडकवायला पत्रा आत दुमडलेला. त्या दुमडीमुळे कडं दाबलं तरी वाकत नाही, आणि गुंडाळलेली सुतळी घसरत नाही. जाळी कापून काढली, धार राहिलेल्या जागी कानस फिरवली. अशा चाळण्या अजून निघतील, घराघरात माळ्यावर पडून असतात.

बाकीच्या दारांना हँगर. तारेचा हँगर चारी बाजूंनी ओढून गोल करायचा, आकडा तसाच ठेवायचा, तोच टांगायला होतो. एका हँगरचं कडं लिबलिबीत राहतं. दोन एकावर एक ठेवून चिंधीनं आवळले की घट्ट बसतं. बाहेरचा व्यास साधारण ३० सेंटिमीटर येतो, जाळीच्या दरवाज्याला तो शोभतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल आणला होता. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आपल्या राज्यात तर त्याच्याही आधीपासून. तो साबुदाण्यासारखा सुटतो आणि गटारात जाऊन बसतो. काकांना तसं सांगितलं, त्यांनी लगेच परत नेला. पुढच्या वेळी काय आणू, असंही विचारलं. फाटकी धोतरं आणा म्हटलं.

आणखी एक काम आज सुरू केलं. गंजलेले खिळे आणि मोडक्या बिजागऱ्या पाण्यात टाकल्या, लिंबाएवढा गूळ घातला आणि मातीच्या सुगडाचं तोंड फडक्यानं बांधून गच्चीच्या कोपऱ्यात ठेवलं. पंधरा-वीस दिवसांत हे लोहपाणी तयार होतं. कापडावर ठसे छापणारे छिपे लोक काळ्या रंगासाठी पिढ्यान्‌पिढ्या असंच लोखंड-गुळाचं पाणी करत आले आहेत. मला त्यातून हिरवा हवा आहे, ते पुढे लिहीन.

३ ऑक्टोबर, गुरुवार, घटस्थापना

सकाळी घट बसले, दुपारी मुलं आली. आज पाकिटांची पानं.

पाकीट उभं कापून उघडायचं, भांड्यांच्या साबणानं आतलं तेल धुवायचं. ही पायरी टाळली तर दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागते. कोरडं करून ७ बाय ३ सेंटिमीटरचे तुकडे, मधोमध उभी घडी, घडीवर नख फिरवायचं, दोन्ही टोकं निमुळती कापायची. उघडलं की मधली शीर असलेलं चंदेरी पान. देठाशी दोन चुण्या घालून दोऱ्यानं आवळायचं. आपट्याचं पान हवं असेल तर घडी घालून वरचं टोक हृदयाच्या आकारात कापायचं. मुलांनी तेच जास्त केलं, दसरा तोंडावर आहे ना.

छापील बाजू बाहेर येऊ द्यायची नाही, असं मी सांगत होते. पण एका मुलीनं लाल छपाईची बाजू मुद्दाम वर ठेवून कळी केली. अक्षरं कापली गेल्यामुळे नुसता रंग उरला होता आणि ती कळी फार सुंदर दिसत होती. तिचं बघून बाकीच्यांनीही केल्या. चालतंय.

६ ऑक्टोबर, रविवार

कडी गुंडाळून झाली. आधी काथ्याचा थर, मग त्यावर सुतळी. घटस्थापनेच्या नारळांच्या शेंड्या चार घरांतून आल्या होत्या. शेंडी पाण्यात भिजवून विंचरली की केसासारखे तंतू सुटतात, ते ओलेच कड्याभोवती गुंडाळायचे, वाळले की आवळून बसतात.

काही टोकं बसवायला खळ लागलीच. मैदा आणि पाणी, मंद आचेवर हलवत शिजवलेली. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालतात, म्हणजे कसर आणि बुरशी लागत नाही. आम्ही घातला नाही. मोरचूद विषारी, मुलांचे हात त्यात, आणि पुढे हा काथ्या कंपोस्टमध्ये जायचा आहे. त्याऐवजी रोज चमचाभर ताजी खळ करायची आणि लावलेली जागा पंख्याखाली कडक वाळवायची.

पहिलं कडं तळमजल्यावरच्या आजींना दाखवायला नेलं. त्यांनी हातात घेतलं, फिरवून पाहिलं, आणि म्हणाल्या, “अगं, असलं गोल चक्र दारावर? हे तर हुतात्म्यांच्या समाधीवर वाहतात.”

मी कोड्यात पडले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्या डोळ्यांना नुसतं गोल पुष्पचक्र मानवंदनेच्या प्रसंगीच दिसलेलं असतं. दारावर आपण आडवं तोरण बांधतो, खाली झुलणारी पानं असलेलं. आजींनाच विचारलं, मग काय करू? त्यांनी कडं उभं धरलं आणि खालच्या अर्ध्या भागावर बोट फिरवलं. “इथून पानं सोड. आंब्याच्या डहाळीसारखी. आणि वरती रिकामं ठेव, सगळीकडे सारखं भरू नकोस.”

तेच पक्कं केलं. वरच्या एक-तृतीयांश भागात नुसती सुतळी दिसेल, खालच्या भागात चिंध्यांची दाट भरण, आणि खाली एका दोरीवर पाच पानं लोंबती. कागदावर काढून पाहिलं तर हे आधीच्यापेक्षा कितीतरी आपलं वाटतं.

९ ऑक्टोबर, बुधवार

कापडाची तयारी. हे दसऱ्याच्या आधी झालं पाहिजे, कारण दसऱ्यानंतर घराघरात झेंडू फुकट मिळणार आहे आणि तो सुकून बुरशी यायच्या आत वापरायचा आहे.

काकांनी दोन पांढरी धोतरं आणली, विरलेली. शिवाय एक सुती पंचा आणि उशांचे अभ्रे. एक धोतर मागे ठेवलं, बाकीचं सगळं धुण्याचा सोडा घालून अर्धा तास उकळलं. पाणी पिवळट निघालं, म्हणजे इतक्या वर्षांचा मळ आणि खळ सुटली. ही पायरी झाली नाही तर रंग ठिपक्याठिपक्यांनी चढतो.

मग हिरडा. सुती धागा तुरटी नीट धरत नाही, त्याला आधी तुरटपणा द्यावा लागतो, तो हिरड्यातून येतो. रविवार पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून हिरड्याची भुकटी आणली. दुकानदारानं पोटासाठी का, असं विचारलं. रंगासाठी म्हटल्यावर त्यांनी भरड दळलेली काढून दिली, बारीक भुकटी कापडाला चिकटून बसते म्हणून. वाळलेलं कापड २५० ग्रॅम असेल तर हिरडा ५० ग्रॅम. कोमट पाण्यात कालवून कापड रात्रभर बुडवलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

हिरड्यातून काढलेलं कापड फिकट लोण्याच्या रंगाचं झालं. पिळलं, पण धुतलं नाही, तसंच सावलीत वाळवलं. नंतर तुरटी: २५० ग्रॅम कापडाला ४० ग्रॅम, गरम पाण्यात विरघळवून, कापड रात्रभर त्यात.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला. आज सकाळी इमारतीतल्या सगळ्या दारांवरची, गाड्यांवरची, लिफ्टवरची झेंडूची तोरणं उतरवून घेतली. दरवर्षी ही फुलं दुपारपर्यंत पिशव्यांत भरून ओल्या कचऱ्यात जातात. समोरच्या दोन सोसायट्यांमधूनही पोतं भरून आली. गुलटेकडीच्या फुलबाजारात दसऱ्याला जो झेंडूचा डोंगर येतो, त्यातला आमच्या गल्लीपुरता ढिगारा आज माझ्या गच्चीत आहे.

दोरे ओढून काढणं हे खरं काम. काही माळा नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेल्या होत्या, त्या बाजूला ठेवल्या. पुढच्या वर्षी सगळ्यांनी सुती दोऱ्यात माळा कराव्यात, हे आत्तापासून सांगत सुटणार आहे. आंब्याची पानं वेगळी काढून कंपोस्टच्या पिंपात. नुसत्या पाकळ्या रंगाला घेतल्या, हिरवा देठ आला तर पिवळा मळकतो.

१४ ऑक्टोबर, सोमवार

रंगाचा दिवस. भांडं स्टीलचं, स्वयंपाकात पुन्हा न वापरायचं. पाकळ्या ताज्या असल्यानं कापडाच्या दुपटीहून जास्त घेतल्या. तासभर मंद आचेवर ठेवल्या. उकळी फुटू द्यायची नाही. जोरात उकळलं की झेंडूचा रंग तांबूस-मळका होतो. गाळून घेतल्यावर पाणी गडद चहासारखं दिसत होतं आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, याच्यात पिवळं कुठं आहे?

तुरटीचं कापड एकदा खळबळून आत सोडलं. डोळ्यांदेखत पिवळं होत गेलं. आधी कडा, मग घड्यांच्या आतला भाग. काकूंनी लाकडी उलथनं माझ्या हातातून घेतलं ते पुढचा पाऊण तास सोडलंच नाही. बाहेर काढलं तेव्हा धोतर भर दसऱ्याच्या झेंडूचं झालं होतं, पिवळ्यात किंचित केशरी.

हळद का नाही, असं काहींनी विचारलं. हळदीचा रंग लगेच चढतो खरा, पण उन्हात उडतो. दारावर सकाळचं ऊन येणाऱ्या घरांत भाऊबीजेपर्यंत कापड पांढरं पडलं असतं. झेंडू त्या मानानं पुष्कळ टिकतो.

पंच्यासाठी कांद्याची सालं. महिनाभर काकूंनीच साठवली होती. तीच रीत, आणि रंग विटकरी-नारिंगी.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

पाऊस पडून गेला, हवेत दमटपणा आहे, कापड वाळायला तयार नाही. जिन्यात दोऱ्या बांधून पंखे लावले.

लोहपाण्याचं सुगड उघडलं. वर फेस, आंबूस वास, पाणी करडं. गाळून बादलीभर पाण्यात दोन पळ्या घातलं आणि झेंडूत रंगवलेला अभ्रा त्यात सोडला. क्षणात पिवळ्याचा शेवाळी हिरवा झाला. आंब्याच्या जून पानाचा असतो तसा. पाच मिनिटांत काढून भरपूर पाण्यात धुतला. लोखंडाच्या पाण्यात जास्त वेळ राहिलं तर सुती धागा कुजतो, आणि हे कापड आधीच विरलेलं.

आजींची लोंबती पानं याचीच होणार.

२० ऑक्टोबर, रविवार

आज गच्चीत सगळे जमले. चिंध्या १५ बाय ३ सेंटिमीटर. कापड कात्रीनं कापायचं नाही, कडेला छोटी चीर देऊन हातानं फाडायचं. फाडलेल्या कडेचे धागे सुटतात आणि त्यामुळेच फुलाच्या पाकळीचा भास होतो. फाडताना सरळ रेषा आपोआप येते, ती कात्रीनं येत नाही.

प्रत्येक चिंधी कड्याभोवती घेऊन एकच गाठ, दोन्ही टोकं पुढे. गाठ मारल्यावर ती शेजारच्या गाठीला खेटून सरकवायची. खालचा दोन-तृतीयांश भाग भरायला साधारण सव्वाशे ते दीडशे चिंध्या लागतात, दाट हवं असेल तर जास्त. पिवळं, मध्येच विटकरी, मध्येच मूळ पांढरं. टेलरकाकांनी दिलेल्या खणाच्या पट्ट्या थोड्याच होत्या, त्या फक्त खालच्या मध्यभागी. चंदेरी पानं गाठींच्या फटीत टाके घालून. पिस्त्याची टरफलं पाचाच्या गटात फुलासारखी, खळीवर बसवलेली. ती रंगवायची नाहीत. रंग दिला की ती कंपोस्टची राहत नाहीत.

आजी खुर्चीत बसून नुसत्या गाठी तपासत होत्या. सैल सापडली की परत.

२७ ऑक्टोबर, रविवार

उद्या वसुबारस. आज सगळ्या दारांवर लावून झालं. आजींच्या दारावर पहिलं, चाळणीच्या कड्याचं.

लावताना एक गोष्ट प्रत्येक घरी सांगितली आणि इथेही लिहून ठेवते. तोरण सुती कापडाचं आणि काथ्याचं आहे, पाकिटंही भराभर पेटतात. त्याच्या खाली उंबऱ्यावर पणती ठेवायची नाही. पणत्या दोन्ही बाजूंना, तोरणापासून हातभर लांब. कडं जाळीला दोन ठिकाणी बांधायचं, नाही तर दार आपटलं की ते फिरून लोंबतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी आपल्या दारावर हात ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, हे माझ्या वडिलांचं धोतर.

१७ नोव्हेंबर, रविवार

तुळशीची लग्नं झाली, त्रिपुरी पौर्णिमाही झाली. आज तोरणं सोडवली.

हाच माझ्या मते प्रकल्पाचा खरा दिवस, आणि यायला सांगितलं तर सगळे आले. गाठी सोडायला बांधण्यापेक्षा कमी वेळ लागला. पिवळ्या चिंध्या थोड्या उतरल्या आहेत, तरी पिवळ्याच आहेत. त्या धुऊन जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून ठेवल्या. काथ्या, सुती दोरे आणि पिस्त्याची टरफलं कंपोस्टच्या पिंपात. टरफलं कुजायला फार वेळ घेतात, म्हणून आधी खलबत्त्यात फोडली. चंदेरी पानं वेगळ्या पिशवीत. बरीचशी पुन्हा वापरता येतील, चुरगळलेली सुक्या कचऱ्यात जातील, नाही तरी जायची होतीच. कडी माळ्यावर.

सोमवारी येणाऱ्या ताईंना दाखवायला एक तोरण मुद्दाम न सोडवता ठेवलं आहे. त्यांच्या घराचं दार किती रुंद आहे ते विचारायचं राहिलं होतं, ते उद्या विचारते. त्यांना हवं असेल तर तेच त्यांचं.

कॅम्पात राहणाऱ्या मैत्रिणीला नाताळसाठी एक हवंय. तिच्याकडे गोल चक्र गोलच लागतं, चारी बाजूंनी भरलेलं, लोंबती पानं नकोत. हिरवा आपल्याकडे आहे, लोहपाणी शिल्लक आहे. लालसाठी मंजिष्ठा लागेल. हिरडा आणि तुरटी दिलेल्या कापडावर ती छान विटेसारखी लाल चढते. उरलेलं दुसरं धोतर उद्या सोड्यात उकळायला टाकते, आणि मंजिष्ठेसाठी परत रविवार पेठ.